अडीचशे रुपयांचं २० दाती फ्रीव्हील : बिनगिअरच्या सायकलवाल्यांनी वाचाच

आधीच सांगते, हा सायकलचा रिव्ह्यू नाहीये, तिच्या मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचा म्हणजे फ्रीव्हीलचा आहे. सायकल साधी सिंगल स्पीड, ७०० सी या मोठ्या मापाची चाकं, पुढे पायडलपाशी ४४ दात, मागे १८. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्यानं काही फरक पडत नाही, बऱ्याच बिनगिअरच्या सायकली साधारण याच हिशोबानं येतात. सपाटीवर झकास पळते हो, पण पुण्यात सपाटी आहे कुठे, कोथरूड डेपो सोडून चांदणी चौकाकडे निघालं की तोंडाला फेस आणि गुडघ्यांची कुरकुर सुरू. ब्रँडेड दुकानात विचारलं तर एकच टेप, मॅडम गिअरवाली घ्या. म्हणजे सरळ पंधरा-वीस हजारांची फोडणी.

पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्या काकांनी मात्र मागचं चाक एकदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ताई, सायकल कशाला बदलताय, फ्राय बदला की." फ्राय म्हणजे हेच फ्रीव्हील.

हिशोब सोपा आहे. ४४ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.१ मीटर जाते, ४४ ला २० केलं की ४.६. पायावरचा जोर १० टक्के कमी. ऐकायला किरकोळ वाटतं ना, पण चढावर जिथे पायडल अडून उतरावं लागायचं तिथे आता पाय फिरत राहतो, एवढाच फरक आणि तोच सगळा फरक. सपाटीवर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर वेग आधी ताशी साडेचोवीस किलोमीटर पडायचा तो आता बावीस पडतो, सिग्नलला सगळे एकत्रच उभे असतात त्यामुळे मला तरी काही दुःख नाही.

बसवणं बघण्यासारखं होतं. जुन्या फ्रीव्हीलला पाना लागायची खाचच नव्हती, मग काकांनी वरच्या रिंगच्या भोकात पंच टेकवून ठोकायला घेतलं (ही रिंग उलट्या आट्यांची असते, घरी सवयीनं डावीकडे ठोकत बसाल तर ती अजून आवळत जाईल), रिंग सुटली तसे छर्रे आणि कुत्रे (आतले अडकणारे खटके) थाळीत सांडले, उरलेला गाभा व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) धरून चाकच स्टिअरिंगसारखं फिरवलं की सुटला. नवीन लावताना ग्रीस लावून नुसतं हातानं फिरवायचं, पायडल मारता मारता आपोआप आवळतं. चेन बदलावी लागली नाही, दोन दात वाढले की मागच्या चाकाचं एक्सल साधारण ६ मिमी पुढे सरकतं, तेवढी जागा फ्रेमच्या खाचेत असली की झालं. तुमचं चाक आधीच पुढे टेकलेलं असेल तर मात्र चेनचा खर्च धरा.

आता तक्रार. हा माल लोकल आहे आणि अगदी गोल नाहीये, फिरवलं की हलका डुलतो, त्यामुळे चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागते. चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे बोटानं दाबून सेंटीमीटरभर हलतेय ना बघायचं आणि मगच नट आवळायचे, नाहीतर कुईकुई ऐकत बसा. आणि उतारावर ताशी तिशीच्या पुढे पाय फुकट फिरतात, तिथे गुमान बसून राहायचं.

पण नुसतं फ्रीव्हील टाकून भागत नाही, पायाची सवयही बदलावी लागते. जड दाबत हळूहळू फिरवायचं सोडून हलकं आणि भरभर फिरवायचं. त्याआधी सीट वर घ्या बाबांनो, टाच पायडलवर ठेवली की खाली पाय सरळ व्हायला हवा, आपल्याकडे निम्मी जनता गुडघे हनुवटीला लावून सायकल चालवते. चढ यायच्या आधीच वेग घ्यायचा, अर्ध्यात जीव गेल्यावर नाही, आणि वेग मेला की उभं राहून अंगाचं वजन पायडलवर टाकायचं, हात हँडलला ओढ देतात. हे जमलं की चांदणी चौकाचा चढ न उतरता होतो, दम लागतोच, पण बोलता येतं.

गिअर नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगा, टूर दी फ्रान्स या सायकल शर्यतीतसुद्धा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा गिअर) १९३७ पासून चालायला लागला, त्याआधी पोरं चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं लावायची, दुसऱ्या बाजूला मोठी चकती असायची म्हणून.

५ पैकी ४ स्टार, एक त्या डुलण्याचा कापला. सांगली, मिरज असल्या सपाट गावात असाल तर १८ च ठेवा, उगाच खर्च नको. सिंहगडाचा घाट चढायचा असेल तर मात्र गिअरवालीच घ्या, तिथे २२ दातीनंही भागणार नाही.