९२,५४० रुपयांची फ्रेम

परवा रात्री मोबाइलवर जुन्या ट्रेलरच्या फ्रेमची तीच जाहिरात पुन्हा दिसली. तीच निळी ताडपत्री, मागं तेच सुबाभळीचं झाड. नंबरप्लेटवर बोट धरून फोटो काढलाय आणि किंमत आता ५८,००० आहे. माझ्या वेळी ६५,००० होती. म्हणजे गडी अजून गिऱ्हाईक शोधतोयच. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर चार महिने झाले, हा विषय मी घरातसुद्धा कुणाला काढू देत नाही.

हसायचं ते आधीच हसून घ्या. मी मेकॅनिक आहे. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात हायवेच्या कडेला माझं एकवीस वर्षं गॅरेज आहे. जुनी गाडी घ्यायची झाली की आसपासच्या दहा गावांतली माणसं मला बरोबर घेऊन जातात, आणि नुसतं बघून सांगायचे मी ५०० रुपये घेतो. तो मी.

हायवेला बंद पडलेली गाडी आणायला क्रेनवाला कोल्हापूरहून नाहीतर बेळगावहून येतो, आणि जाताना गाडीबरोबर माझं गिऱ्हाईकही घेऊन जातो. माझ्याकडे बोलेरो पिकअप आहे. तिच्या मागं लावायला एक साधा दोनचाकी ट्रेलर केला तर मारुती ८००, अल्टो, ओम्नी असल्या गाड्या आरामात आणता येतील, असा माझा हिशेब. मारुती ८०० म्हणजे साधारण साडेसहाशे किलो, दोन एक्सलमधलं अंतर सव्वासात फुटांच्या आत. बारा फुटी फ्रेम पुष्कळ झाली. नव्या ट्रेलरला एकानं १,८५,००० सांगितले. जुनी फ्रेम घेऊन वर चेकर प्लेट, दोन रॅम्प आणि गाडी वर ओढायची हाताची विंच बसवली तर ९०,००० च्या घरात बसेल असं मी वहीत मांडलं होतं. शेवटी खर्च आला ९१,२००. अंदाज बरोबर आला, ट्रेलर तेवढा आला नाही.

कुणी म्हणेल, लोखंड घेऊन कोरी फ्रेमच का नाही मारली? कारण कायद्यानं ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मध्ये चक्क लिहिलंय. त्याला स्वतःचा नंबर लागतो, स्वतःचं आरसी बुक लागतं. ऊस ओढणाऱ्या निम्म्या ट्रॉल्या कशा फिरतात ते मलाही ठाऊक आहे, पण हायवेवर दुसऱ्याची गाडी वर लादून नेताना तसला खेळ मला नको होता. लोखंड किलोवर मिळतं, नंबर किलोवर मिळत नाही. म्हणून ‘पेपर क्लिअर’ हे दोन शब्द वाचले आणि फोन लावला. मी पैसे मोजले ते त्या दोन शब्दांचे, आणि ह्या लोकांनाही ते पक्कं ठाऊक असतं.

कोगनोळी टोलनाक्याच्या पलीकडं पाऊण तास, मग हायवे सोडून आत. ऑक्टोबरचा शेवट, दिवसभर पाऊस भुरभुरलेला. त्यानं मला चारला बोलावलं आणि स्वतः साडेपाचला उगवला. हे मुद्दाम असतं. दिवेलागणीला बोलावणाऱ्याकडं जाऊच नका, गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

आला तोच हसत. “कुठले म्हणायचे पावणं?” सांगितलं गाव. “अरे वा, सीमाभागातले म्हणजे आमचेच की! तुम्हाला कर्नाटकात ठेवलंय एवढंच.” आता बाहेरच्या माणसाला ह्याचं काही वाटणार नाही. पण आमच्याकडं असं कुणी म्हटलं की छाती थोडी भरून येते, खोटं कशाला बोलू? तिथंच मी अर्धा विकला गेलो.

फ्रेम दिसायला झकास होती. चार इंची चॅनल, स्प्रिंगचे पाटे एकसारखे, एक्सल सरळ, रेड ऑक्साइडवर निळा रंग. चाकांचे टायर गेलेले होते, ते मी धरलंच होतं. एमएच-०९ पासिंग. आरसीची झेरॉक्स त्यानं दिली, मूळ आरसी ‘बँकेच्या लॉकरला’. ॲपवर नंबर टाकला तर ट्रेलरच दाखवत होता, पण खाली फायनान्सवाल्याचं नावही दाखवत होता. म्हटलं, बोजा दिसतोय. “फिटलाय हो दादा, फॉर्म ३५ घरी पडलाय, उद्या व्हॉट्सॲपला टाकतो.” फॉर्म ३५ म्हणजे बोजा उतरल्याचा कागद.

आता जे सांगतो ते चार महिने रोज रात्री डोळ्यांपुढं येतं.

चॅसी नंबर बघायला मी गुडघ्यावर बसलो. उजव्या चॅनलवर नंबर ठोकलेला, झेरॉक्सशी तंतोतंत जुळणारा. सवयीनं बोट फिरवलं. आकड्यांच्या चारी बाजूंनी, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद अशा चौकोनात, बारीक उंचवटा बोटाला लागला. वेल्डिंग ग्राइंडरनं घासून वर रंग मारला की लागतो तसाच. बोटाला लाल रंग आला. रेड ऑक्साइड ओलं होतं! सहा वर्षं पडून असलेल्या ट्रेलरचं रेड ऑक्साइड ओलं? माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा मॅग्नेट होता, पेनासारखा ओढून लांब करायचा, इंजिनात पडलेला बोल्ट काढायचा. तो मी बाहेर काढलासुद्धा होता. आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर मॅग्नेट नीट चिकटत नाही, हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. तेवढ्यात मागून आवाज आला, “पावणं, चहा गार व्हायलाय!” आणि मी मॅग्नेट खिशात ठेवून उठलो.

चहासाठी उठलो हो. दहा रुपयांच्या चहासाठी.

आता माझी बाजू ऐका. उजेड गेला होता. टेम्पोवाला हॉर्न मारत होता, त्याला थांबवायचे वेगळे पैसे. दुसरं एक गिऱ्हाईक (त्याचाच माणूस असणार, आता कळतंय) फ्रेमभोवती टेप घेऊन फिरत होतं आणि ‘सकाळी रोख घेऊन येतो’ म्हणत होतं. उसाचा हंगाम तोंडावर आलेला, गाड्या बंद पडायचे दिवस. आणि मनात असंही आलं, की उंचवटा असला तर असला, नंबर जुळतोय ना? मी एकटाच मूर्ख नाही. माझ्या जागी तुम्हीही उठला असता.

सौदा ४८,५०० ला ठरला. ५,००० आधी ॲडव्हान्स पाठवले होते. ३०,००० तिथं यूपीआयनं आणि १३,५०० रोख, ‘रोख दिलं तर दीड हजार कमी करतो’ म्हणाला म्हणून. यूपीआयवर नाव भलत्याचंच होतं. “मेव्हण्याचं खातं आहे.” विकणाऱ्याच्या नावाशी खात्याचं नाव जुळत नसेल तर एक रुपया पाठवू नका, मग तो मेव्हणा असो नाहीतर ब्रह्मदेव.

पुढचं भराभर सांगतो. टेम्पो ४,२००. चॅनल, चेकर प्लेट आणि रॅम्पचं सामान २१,६५०. वेल्डरची मजुरी ९,०००. दोन जुने टायर ३,४००, बेअरिंग-ग्रीस १,८५०, विंच २,६००. काम मात्र मन लावून केलं. एक्सल मध्यापासून थोडा मागं घेतला, म्हणजे वजनाचा दहा-पंधरा टक्के भाग पुढं दांडीवर यावा. मागं जास्त भार पडला की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवतो. दोन्ही कर्ण मोजले तर दीड इंच फरक. तेव्हासुद्धा डोकं चाललं नाही! वेल्डर म्हणाला, “अण्णा, फ्रेम वाकडी हाय.” मी त्यालाच ओरडलो, टेप नीट धर म्हणून.

फॉर्म ३५ आला नाही. ‘उद्या’ म्हणत म्हणत तीन आठवड्यांनी फोन बंद.

पहिली गाडी चढवली ती मित्राचीच बंद पडलेली ८००, रस्त्यावर न जाता शेतातल्या वाटेवर. विंचनं वर ओढली, लाकडाच्या ठोकळ्या लावल्या, पिकअप हलवली. वीस फूटसुद्धा गेलो नसेन. उखळात मिरच्या कुटताना येतो तसा ठक् आवाज आला आणि ट्रेलर मध्येच पोटातून खाली बसला. एक्सलच्या पुढं हातभर, दोन्ही बाजूंनी. लांबीचे पापुद्रे तांदळाच्या पापडासारखे गळून पडले. आत बघितलं तर दोन वेगवेगळ्या ट्रॉल्यांचे तुकडे समोरासमोर टेकवून सरळ उभी वेल्डिंग मारलेली, आतून पट्टी नाही की काही नाही. आणि हे कुठं, तर सगळा वाक जिथं येतो तिथं. जुन्या चॅनलचं पोट गंजून इतकं पातळ झालं होतं की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. गाडीत कुणी बसलं नव्हतं, हे नशीब. हायवेवर, मागं ट्रक असताना झालं असतं तर हे लिहायला मी नसतो.

घरी आणून नंबराभोवती ग्राइंडर फिरवला. दुसऱ्या कुठल्यातरी ट्रेलरचा नंबराचा तुकडा कापून इथं गोधडीच्या ठिगळासारखा बसवला होता. आरटीओच्या खिडकीवर कळलं की त्या नंबरावर कर्जाचा बोजा जसाच्या तसा आहे. फायनान्सवाल्याची एनओसी नाही, म्हणजे गाडी परराज्यात न्यायचा फॉर्म २८ नाही, म्हणजे कर्नाटकात नंबर नाही. वर खिडकीतला माणूस मलाच विचारतो, “हा चॅसी नंबर तुमच्याकडं कसा आला?”

आता पोलीस. आमच्याकडच्या ठाण्यात गेलो. व्यवहार कुठं झाला? महाराष्ट्रात. “मग अल्ली होग्री.” जा म्हणे तिकडंच. तक्रार मराठीत लिहिली होती, ती वाचलीसुद्धा नाही, कन्नडात लिहून आणा म्हणाले. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडून कन्नडात लिहून घेतली. पुन्हा गेलो, तर साहेब बंदोबस्ताला. “नाळे बर्री.” उद्या या म्हणे. नाळे म्हणजे उद्या. असे सहा उद्या झाले. शेवटी तिकडच्या ठाण्यात गेलो. तिथला जमादार कन्नड कागद उलटा धरून म्हणाला, हे काय आणलंय? मराठीतला दिला. तो वाचून, “तुम्ही कर्नाटकातले, माल कर्नाटकात, पैसे गेले कर्नाटकातल्या बँकेतून. आमच्याकडं काय?” मी म्हटलं, साहेब, विकताना तर मी ‘आमचाच’ होतो. कुणी हसलंही नाही.

१९५६ पासून दोन्ही राज्यं आमच्या गावांवर हक्क सांगताहेत. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडलाय. एक नोव्हेंबर आला की एकांचा राज्योत्सव आणि दुसऱ्यांचा काळा दिवस, दोन्हीकडं भाषणं. पण साधी तक्रार घ्यायची वेळ आली की आमचं गाव एकालाही नको!

सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन केला. माल तुमच्या ताब्यात आहे, समोर बसून पैसे दिलेत, हे सायबर नव्हे म्हणाले. बँक म्हणाली पोलिसांचा कागद आणा. पोलीस म्हणाले बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं तर त्यावर शिक्का नाही. शिक्का मारून घ्यायला बँकेत गेलो तर तो दिवस दुसऱ्या शनिवारचा. एसटी, झेरॉक्स, स्टॅम्प पेपर, नोटरी मिळून १,३४० रुपये गेले, ते धरून ९२,५४०. गॅरेज बंद राहिलं ते दिवस धरलेलेच नाहीत.

मग एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं, हद्द कुठली का असेना, ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, ते स्पष्ट आहे. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवायची. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर? ठाण्यातल्या भिंतीवर ‘आपल्या सेवेत’ लिहिलंय, त्याच्याखाली हे एक कलम लिहायला काय जातं? स्पीड पोस्टानं पाठवलंय, पोचपावती आली आहे, उत्तर नाही. पण तुम्ही निदान सहा ‘नाळे’ खाऊ नका. कलमाचा आकडा कागदावर लिहूनच आत शिरा.

आणि जुनी फ्रेम घ्यायचीच असेल तर आधी वजनकाट्यावर घाला. चार इंची चॅनल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो, चॅनल किती मीटर ते मोजून गुणाकार करा. गंजलेलं किंवा लांबी भरलेलं लोखंड काट्यावर लपत नाही. ताजा रंग दिसला की हातोडीनं वाजवा, टणटण आवाज यायला हवा. माझी फ्रेम वाजवली असती तर डबडब वाजली असती. मूळ आरसी आणि बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय ॲडव्हान्सही नको, झेरॉक्स ही शोभेची वस्तू आहे. चहा घरून पिऊन जा.

फ्रेम आता गॅरेजच्या मागं पडली आहे. चेकर प्लेट काढून घेतली, विंच पिकअपला लावली. भंगारवाला २९ रुपये किलो म्हणतोय, २८० किलोचे ८,१२० होतात. पण नंबराचा घोळ आहे म्हटल्यावर आमच्याकडच्या ठाण्यातून निरोप आला, हा मुद्देमाल आहे, हात लावू नका. तक्रारच घेतली नाही, मग मुद्देमाल कशाचा? तेवढं लेखी द्या म्हणून गेल्या मंगळवारी गेलो होतो.

नाळे बर्री.