जीमॅट घ्यावे की ओरेकिट? कक्षा आखू पाहणाऱ्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची काही मुले लॅपटॉप घेऊन बसतात. कोणाला छोट्या उपग्रहाची कक्षा आखायची असते, कोणाला चंद्राकडे जाणारा मार्ग, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "काका, कोणते सॉफ्टवेअर शिकू?" प्रश्न रास्त आहे, कारण यांतल्या कोणत्याही साधनावर हात बसायला दोन-तीन महिने लागतात आणि प्रकल्प अर्ध्यावर आला असताना साधन बदलणे परवडत नाही. माझे उत्तर आधीच सांगतो. एकच मोहीम आखून तिचे प्रत्येक पाऊल परीक्षकांना समजावून द्यायचे असेल, तर जीमॅट घ्यावे. तीच मोहीम थोडे थोडे बदल करून शेकडो वेळा चालवायची असेल आणि प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव असेल, तर ओरेकिट घ्यावे. कक्षा आखण्याची ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहेत, त्यामुळे खर्चाचा मुद्दा येथे येत नाही.

साधन उघडण्यापूर्वी एक गणित वहीत करून ठेवावे, असा माझा आग्रह असतो. ३०० किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेतून त्याच प्रतलातल्या भूस्थिर कक्षेत होमान पद्धतीने, म्हणजे इंजिनाच्या दोनच धक्क्यांत जायचे, तर पहिल्या धक्क्याला सेकंदाला सुमारे २.४३ किलोमीटर आणि दुसऱ्याला १.४७ किलोमीटर, म्हणजे एकूण ३.८९ किलोमीटर वेगबदल लागतो आणि प्रवासाला सुमारे ५ तास १६ मिनिटे लागतात. पृथ्वी हा केवळ एक बिंदू मानला, तर दोन्ही सॉफ्टवेअरनी हेच आकडे द्यायला हवेत. ते येत नसतील, तर चूक आपल्या मांडणीत आहे, आणि ती येथेच सापडलेली बरी.

जीमॅट नासाच्या गॉडार्ड केंद्राने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विकसित केले असून टेस या दुर्बिणीच्या मार्गाची आखणी करताना ते वापरले गेले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की मोहीम पडद्यावर वाचता येते. एका बाजूला यान, थ्रस्टर (यानाला रेटा देणारे इंजिन), इंधनटाकी, बलांचे प्रारूप अशा वस्तूंची यादी असते आणि दुसऱ्या बाजूला घटनाक्रम असतो: अमुक बिंदूपर्यंत जा, तेथे धक्का दे, पुढे जा. धक्का किती द्यायचा हे ठाऊक नसेल, तर 'टार्गेट' या आज्ञेत कोणती राशी बदलायची आणि काय साधायचे एवढेच लिहावे लागते, आणि उत्तर सॉफ्टवेअर पुनःपुन्हा प्रयत्न करून शोधते. पडद्यावर मांडलेली हीच मोहीम स्क्रिप्टच्या रूपातही दिसते. तिची भाषा मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसारखी असल्याने आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती परकी वाटत नाही.

जीमॅटचा दोषही याच सोयीतून येतो. नवे यान तयार केले की त्याचे कोरडे, म्हणजे इंधन वगळून, वस्तुमान ८५० किलो आणि रोधासाठीचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर असे आधीच भरलेले असते, आणि मूळ प्रारूपात वातावरणाचा रोध बंदच असतो. एका विद्यार्थ्याने दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकार उपग्रहासाठी रोध चालू केला, पण हे आकडे तसेच राहू दिले. क्षेत्रफळाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे त्याच्या खऱ्या उपग्रहाचे वस्तुमान १३० किलोच्या आसपास होते आणि सॉफ्टवेअरमधल्या यानाचे ५७ किलोही नव्हते. साहजिकच कक्षा दुपटीहून अधिक वेगाने खाली आली, आणि उपग्रहाचे आयुष्य इतके कमी कसे या विवंचनेत त्याचा एक पूर्ण आठवडा गेला. सॉफ्टवेअरने कोठेही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालीच नव्हती.

ओरेकिट या बाबतीत कठोर आहे, आणि मला ती कठोरता आवडते. ही जावा भाषेतली लायब्ररी आहे, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून वापरायच्या तयार कोडचा संच. फ्रान्समधील सीएस या कंपनीत तिची सुरुवात २००२ मध्ये झाली आणि २००८ पासून ती सर्वांसाठी खुली आहे. पायथनमधूनही ती वापरता येते, आणि आमच्याकडची बहुतेक मुले तोच मार्ग घेतात. येथे पडदा नाही, चित्र नाही, आधी भरून ठेवलेले यानही नाही. लीप सेकंद, पृथ्वीच्या भ्रमणाच्या नोंदी, ग्रहांची स्थाने यांची माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये आणून ती कोठे आहे हे सांगितल्याशिवाय साधी तारीखही तयार होत नाही, आणि पहिल्या दिवशी नवखा माणूस येथेच अडतो. आणखी एक खड्डा एककांचा: जीमॅट किलोमीटर आणि अंश घेते, तर ओरेकिट मीटर आणि रेडियन. कक्षेचा कल, म्हणजे तिचा विषुववृत्ताशी असलेला कोन, अंशांतला ९७.४ असा तसाच लिहिला, तरी प्रोग्रॅम तक्रार न करता चालतो आणि भलतीच कक्षा देतो.

दोघांची खरी कसोटी मात्र इंजिन किती वेळ चालते या प्रश्नावर लागते. वहीतल्या गणितात धक्का एका क्षणात बसतो, प्रत्यक्षात तसे नसते. मंगळयानाने १ डिसेंबर २०१३ च्या पहाटेपूर्वी पृथ्वीची कक्षा सोडली, तेव्हा त्याचे ४४० न्यूटनचे इंजिन सुमारे १३२९ सेकंद चालले आणि वेगात सेकंदाला सुमारे ६४८ मीटरची भर पडली. म्हणजे वेग दर सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरने वाढत होता, आणि या बावीस मिनिटांत यानाने दहा हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापले. एवढ्या लांबीच्या कमानीला एक बिंदू मानून केलेली आखणी चुकणारच, शिवाय रेट्याची दिशा वेगाबरोबर वळती ठेवायची की अवकाशात स्थिर, यावर इंधनाचा हिशेब बदलतो. जीमॅटमध्ये क्षणिक धक्का आणि दीर्घ ज्वलन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आधी क्षणिक धक्क्याने मार्ग जुळवायचा, मग टाकी आणि थ्रस्टर जोडून दीर्घ ज्वलनाने तोच मार्ग पुन्हा साधायचा, हा क्रम ते साधन हाताला धरून शिकवते. ओरेकिटमध्येही हे सारे आहे, परंतु इंजिन कधी सुरू व्हायचे, किती वेळ चालायचे, यान कोणत्या दिशेला तोंड करून असेल, हे सर्व आपणच लिहायचे. समज असेल तर तेथे मोकळीक जास्त मिळते, नसेल तर नुसतीच अडचण होते.

त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या प्रसंगी ओरेकिटचे पारडे जड होते. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी कक्षा उंचावताना सेकंदाला १३० मीटर वेगवाढ अपेक्षित होती, प्रत्यक्षात ३५ मीटरच मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी पूरक ज्वलन करून ती कसर भरून काढली गेली. आखणी करणाऱ्याने असे प्रश्न आधीच विचारून ठेवावे लागतात: रेटा दोन टक्के कमी पडला तर, इंजिन दहा सेकंद आधी थांबले तर, दिशा अर्ध्या अंशाने चुकली तर? जीमॅटच्या स्क्रिप्टमध्येही आवर्तने लिहिता येतात, पण अशी हजार उदाहरणे चालवून त्यांचे निकाल गोळा करणे ओरेकिटमध्ये फार सहज होते, कारण तेथे मोहीम म्हणजे आपल्याच प्रोग्रॅममधले एक फंक्शन असते.

मुलांपैकी निम्मी कर्बल स्पेस प्रोग्रॅम खेळून आलेली असतात, आणि मी त्यांना कधीही नाउमेद करत नाही. अपभू, म्हणजे कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूवर वेग वाढवला की समोरचा उपभू, म्हणजे सर्वांत जवळचा बिंदू वर जातो, ही गोष्ट त्यांच्या हाडीमाशी खिळलेली असते, आणि नुसत्या पुस्तकाने ती इतकी खिळत नाही. तरी त्या खेळात यानावर एका वेळी एकाच ग्रहगोलाचे गुरुत्वाकर्षण चालते, म्हणून आदित्य-एल१ ज्या बिंदूभोवती फिरते तो सूर्य आणि पृथ्वी या दोघांच्या ओढीतून ठरणारा बिंदू त्या विश्वात अस्तित्वातच नाही. ऑर्बिटर हा २०२१ पासून मुक्तस्रोत असलेला सिम्युलेटर भौतिकीच्या दृष्टीने पुष्कळ अधिक काटेकोर आहे, पण तो यान चालवण्याचा अनुभव देतो, अहवालात ठेवण्याजोगी आखणी देत नाही.

एसटीके हे व्यावसायिक साधन समर्थ आहे आणि उद्योगात ते सर्रास चालते. महाविद्यालयाकडे परवाना असेल तर जरूर शिकावे, पण स्वतःच्या खिशातून घेण्याचा विचार विद्यार्थ्याने करू नये. पायथनमधल्या पोलिआस्ट्रो या कक्षागणिताच्या लायब्ररीची उदाहरणे शोधताना पुष्कळ दिसतात, परंतु त्याचे काम २०२३ मध्ये थांबवण्यात आले, त्यामुळे नवा प्रकल्प त्यावर उभारू नये.

ज्यांचा निर्णय अजून होत नाही, त्यांनी एक प्रयोग दोन्हींत करून पाहावा. ५०० किलोमीटर उंचीची सूर्यसमकालिक कक्षा (जिच्यात उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळी जातो) घ्यावी, २२.३ अंश उत्तर आणि ७३.२ अंश पूर्व येथे, म्हणजे बडोद्यात, जमिनीवरचे संपर्क केंद्र ठेवावे आणि उपग्रह क्षितिजापासून दहा अंशांच्या वर किती वेळ दिसतो ते काढावे. डोक्यावरून जाणारी फेरी साधारण सात मिनिटांची आणि दिवसाला अशा-तशा मिळून दोन-तीन फेऱ्या, इतपत उत्तर आले पाहिजे. जीमॅटमध्ये हे बहुधा एका दुपारी होईल, ओरेकिटमध्ये आठवडाभर लागेल, आणि त्या आठवड्यात काळमापन आणि निर्देशचौकटी (स्थान कोणत्या अक्षांवरून मोजायचे ती व्यवस्था) यांविषयी जे कळेल ते जीमॅट आपल्याला कधीच विचारणार नाही. आधी दोन्हींत रोध बंद ठेवून, गुरुत्वाचे प्रारूप एकच घेऊन एका दिवसानंतरची स्थाने ताडून पाहावीत. फरक किलोमीटरांत आला, तर एकक, तारीख किंवा चौकट कोठेतरी चुकली आहे. तो मिटल्यावरच रोध चालू करावा. आता जो फरक दिसेल त्यातला बराचसा दोन्हींकडच्या वातावरणाच्या निराळ्या प्रारूपांमुळे असेल, आणि वरच्या हवेची घनता सूर्याच्या कमीजास्त सक्रियतेनुसार बदलत असल्याने तो पुसून न टाकता अहवालात आकड्यानिशी नोंदवावा.