आयपीआरएसचे सभासदत्व : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

चौदा महिन्यांपूर्वी मी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची, संगीतकार म्हणून सभासद झाले. मिरजेत माझे हार्मोनियमचे वर्ग आहेत आणि गेली नऊ वर्षे मी स्वतःच्या चाली स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करते आहे. आजवरची एकूण गाणी एकोणीस. त्यांपैकी अकरा गाण्यांचे शब्द आमच्याच गावातील एका निवृत्त शिक्षकांचे आहेत, सहा संतांचे अभंग आहेत आणि दोन गाणी पूर्णपणे माझी आहेत. चित्रपट नाही, मालिका नाही, पाठीशी कोणतीही संगीत कंपनी नाही. अशा परिस्थितीतल्या माणसाला या सभासदत्वाचा उपयोग होतो का, असे मला अनेकांनी विचारले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आधी माझेच एक अज्ञान कबूल करते. गाणे वितरकाकडे दिले, ते सगळ्या ॲपवर आले आणि महिन्याकाठी काही रुपये जमा होऊ लागले की रॉयल्टीचा विषय संपला, असे मी कित्येक वर्षे धरून चालले होते. वितरक देतो तो पैसा ध्वनिमुद्रणाचा असतो. त्या ध्वनिमुद्रणाच्या आत जी रचना असते, म्हणजे शब्द आणि चाल, तिचा हक्क वेगळा आणि पैसाही वेगळा, आणि तो गोळा करण्याचे काम आयपीआरएसचे. तिसरा हक्क गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा, म्हणजे कलावंताचा. गायकांनी त्यासाठी २०१३ मध्ये इस्रा ही संस्था काढली, तीच आता वादकांनाही सामावून घेऊन इसामरा या नावाने चालते. मी स्वतः चाल करते, स्वतः गाते आणि मुद्रणाचा खर्चही स्वतःच करते, त्यामुळे तिन्ही हक्क माझ्याकडेच होते आणि त्यांतल्या दोहोंकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते.

रचनाकाराचा हा हक्क आपल्याकडे सुखासुखी मिळालेला नाही. आयपीआरएस १९६९ साली स्थापन झाली, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला आणि निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच ठरला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडले आणि संगीत निर्माण करणाऱ्यांच्या हक्कांकडे कायदेमंडळाने लक्ष द्यावे, असे सुचवले. कायदेमंडळाने लक्ष दिले ते पस्तीस वर्षांनी. मे २०१२ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली, ती २१ जून २०१२ पासून लागू झाली, आणि चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी दिलेल्या रचनेच्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार-संगीतकाराला वारसांखेरीज किंवा आयपीआरएससारख्या स्वामित्व संस्थेखेरीज कोणालाही देऊन टाकता येणार नाही, असे कायद्यात आले. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी आवाज उठवला होता आणि आज तेच संस्थेचे अध्यक्ष आहेत. संस्थेची नव्या तरतुदींनुसार फेरनोंदणी झाली ती २०१७ मध्ये. हा इतिहास येथे देण्याचे कारण व्यावहारिक आहे आणि ते पुढे करारपत्राच्या प्रसंगात येईल.

अर्जाला पॅन, बँकेचा तपशील आणि निदान एक प्रसिद्ध झालेली रचना लागते. वारसदाराचे नाव द्यावे लागते, कारण रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. मी मुलीचे नाव लिहिले तेव्हा ती म्हणाली, "आई, तुझ्या गाण्यांचे पैसे मला म्हातारपणी मिळणार तर!" मात्र अर्जाबरोबरचे हस्तांतरणपत्र नीट वाचावे, कारण सभासद होताना आपल्या आजच्या आणि पुढच्याही रचनांचे सार्वजनिक प्रयोगाचे हक्क आपण संस्थेकडे सोपवतो. यापुढे एखाद्या उपाहारगृहाला "माझी गाणी खुशाल वाजवा" असे परस्पर सांगण्याची मोकळीक आपल्याकडे उरत नाही. मला ते गैरसोयीचे वाटले नाही, पण आपली गाणी सर्वांना मुक्त वापरासाठी द्यावीत असा ज्यांचा विचार आहे त्यांनी येथे थांबून विचार करावा.

यानंतर आपल्याला अकरा अंकी आयपीआय क्रमांक मिळतो, जो जगभरच्या अशा संस्थांमध्ये आपली ओळख म्हणून चालतो. क्रमांक हाती आल्यावर काम संपले असे मला वाटले आणि पुढचे दोन महिने मी स्वस्थ बसले. ही माझी सर्वांत मोठी चूक. संस्थेला सभासद कळतो, त्याची गाणी आपोआप कळत नाहीत. प्रत्येक रचना, तिचा प्रत्येक भागीदार आणि त्याचा हिस्सा आपणच कळवायचा असतो.

रचनांची नोंद करायला बसले तेव्हा घोडे अडले ते स्पेलिंगपाशी. माझे 'ओळख' नावाचे एक गाणे आहे. वितरकाकडे ते रोमन लिपीत एका प्रकारे लिहिले होते, यूट्यूबवर शेवटी एक 'ए' जास्त होता आणि माझ्या वहीत 'एल'नंतरचा 'ए' गाळलेला होता. 'ळ'ला रोमन लिपीत स्वतःचे अक्षर नाही, आणि 'व'साठी कोणी 'व्ही' लिहितो तर कोणी 'डब्ल्यू'. माझे आडनावही दोन गाण्यांवर एका प्रकारे आणि सतरा गाण्यांवर दुसऱ्या प्रकारे छापले गेले होते. ॲपकडून येणारी वापराची यादी आणि संस्थेकडची नोंद यांची सांगड यंत्राने घालायची असते, आणि यंत्राला 'ओळख' ती हीच, हे कोण सांगणार? मी चार रात्री बसून एकच तक्ता केला: देवनागरी नाव, एकच ठरवलेले रोमन स्पेलिंग, पर्यायी स्पेलिंगे, ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरांचा आयएसआरसी संकेतांक आणि सर्व भागीदारांची नावे. 'ओळख' मी दोनदा मुद्रित केले आहे, एकदा तबल्यासह आणि एकदा नुसत्या हार्मोनियमवर. मुद्रणे दोन असल्यामुळे आयएसआरसी दोन, पण रचना एकच आणि तिची नोंदही एकच, हे त्या तक्त्यामुळे मला प्रथमच स्पष्ट दिसले. सभासद होण्याच्या आधी जर कोणी एक गोष्ट करणार असेल, तर त्याने हा तक्ता करावा.

दुसरी सवय हिस्सापत्रकाची. स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी एका कागदावर शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा वाटा किती, हे लिहून सर्वांनी सही करायची. पहिल्यांदा मी हा कागद पुढे केला तेव्हा वातावरण जरा अवघडले. अकरा गाण्यांचे शब्द लिहिणारे आमचे सर एकदम म्हणाले, "अहो, आपल्यात कसले हिशेब?" मी त्यांना निम्मा वाटा तुमचा, एवढेच सांगितले, प्रकाशक मध्ये नसेल तर शब्द आणि चाल यांची वाटणी निम्मी-निम्मी होते. सरांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि शाईच्या पेनाने तारखेसह सही केली. मग पखवाज गवसणीत घालता घालता आमचे पखवाजवाले दादा म्हणाले, "आणि ताई, आमचं काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. त्यांनी वाजवलेले बोल त्यांचे असले तरी रचनेतला वाटा त्यांना लागू होत नव्हता. त्यांचा हक्क कलावंताचा, आणि २०१२च्या त्याच दुरुस्तीने कलावंतालाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा अधिकार दिलेला आहे. हे मला नंतर कळले आणि मी त्यांना तसे समजावलेही, परंतु त्यासाठी दुसऱ्या संस्थेचा वेगळा अर्ज करायचा, हे ऐकून त्यांनी हात जोडले. आता मी त्यांचे नाव आणि वाद्य प्रत्येक मुद्रणाच्या तपशिलात न चुकता भरते. अर्ज अजून झालेला नाही.

अभंगांच्या बाबतीत एक बारकावा आहे. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचीही मालकी नाही, त्यामुळे तेथे शब्दांचा रकाना सार्वजनिक म्हणून दाखवायचा आणि आपण फक्त चालीचा वाटा मागायचा. पण अभंग मुक्त आहे म्हणून त्याची गाजलेली चालही मुक्त आहे, असे समजणे चूक आहे. विसाव्या शतकातील बहुतेक नामवंत संगीतकारांच्या चाली अजून हक्काखाली आहेत. माझ्या सहा अभंगांपैकी एकाची चाल मी लहानपणी भजनी मंडळात ऐकलेल्या चालीवरून केली होती. ती किती माझी आणि किती मंडळाची, याचा निवाडा मला करता आला नाही, म्हणून ती रचना मी नोंदवलीच नाही.

याच अभंगांपैकी एकावर यूट्यूबवर दुसऱ्याच कोणाचा हक्क दाखवला गेला. घाईच्या दिवसांत मी विकत घेतलेल्या ध्वनिसंग्रहातील तंबोऱ्याचा तयार तुकडा वापरला होता. तोच तुकडा वापरणाऱ्या एका कंपनीने आपले संपूर्ण मुद्रण यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत घातले होते, आणि यंत्रणेने माझा अभंग त्यांचा ठरवला. मी आयपीआरएसकडे धाव घेणार होते, पण वाद मुद्रणाचा होता, रचनेचा नव्हता, त्यामुळे तो संस्थेच्या कक्षेतच येत नव्हता. मी यूट्यूबवर हरकत नोंदवली, ध्वनिसंग्रहाचा परवाना जोडला, आणि समोरच्याला उत्तरासाठी असलेल्या तीस दिवसांपैकी सव्विसाव्या दिवशी दावा मागे घेतला गेला. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मिरजेत राहून मी तंबोऱ्याचा परका तुकडा विकत घ्यावा, याची मला अजून लाज वाटते. आता घरचा तंबोरा जुळवून, माइक भोपळ्यापासून हातभर दूर ठेवून, प्रत्येक पट्टीचे दहा-दहा मिनिटांचे मुद्रण मी करून ठेवले आहे. त्यातल्या काळी एकच्या मुद्रणात मागे एसटीचा हॉर्न आहे, तरीही मी तेच वापरते.

आता पैशांविषयी, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. माझ्या नावे आलेली पहिली रक्कम तीन अंकी होती. दुसरी त्याहून बरी होती, कारण सांगली आणि कोल्हापूर येथे मी केलेल्या दोन तिकीट लावलेल्या कार्यक्रमांची गाण्यांची यादी मी वेळेत पाठवली होती आणि आयोजकांनी परवानाही घेतलेला होता. त्याच काळात मी गायलेल्या तीन लग्नांतून रॉयल्टीचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण लग्नाशी निगडित समारंभांत आणि खऱ्याखुऱ्या धार्मिक विधींत संगीत वाजवणे हे कायद्याच्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. आमच्या भागात गाणाऱ्याची मुख्य कमाईच लग्ने आणि उत्सव यांतून होते, हे लक्षात घेऊन अपेक्षा ठेवाव्यात. ॲपवरच्या ऐकण्यातून मोठ्या रकमेची आशा तर मुळीच धरू नये. स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या मुद्रणाला मुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. गावपातळीवरच्या गायकाची बरीच गाणी या उंबरठ्याच्या अलीकडेच असतात.

मग चौदा महिन्यांत मिळाले काय? माझ्या मते सर्वांत मोलाचे ठरले ते करारपत्र वाचायला शिकणे. संस्था सभासदांसाठी कार्यशाळा घेते. तेथे मी पहिल्यांदा स्वामित्व कायद्याचे कलम १९ शांतपणे वाचले: हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. त्यानंतर दोन महिन्यांतच एका कंपनीने माझ्या अकरा गाण्यांसाठी एकरकमी प्रस्ताव पाठवला. करारात "कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी" असे शब्द होते आणि बाराव्या कलमात गीतकार-संगीतकाराने रॉयल्टीचा वाटा सोडून दिल्याचे लिहिले होते. पूर्वी मी रकमेकडे पाहून सही केली असती. या वेळी मी उत्तर लिहिले की बारावे कलम २०१२च्या दुरुस्तीशी विसंगत आहे आणि मुदत दहा वर्षांची असावी. त्यांनी बारावे कलम काढले. मुदतीवर मात्र ते अडून बसले आणि बोलणे तेथेच थांबले. सरांना मी हे सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प होते. रक्कम त्यांच्या चार महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती. "तुम्ही म्हणाल तसं," असे ते म्हणाले, पण त्यांना ते पुरते पटले होते, असे मला वाटत नाही.

ज्यांची एक-दोनच गाणी आहेत, किंवा जे प्रामुख्याने इतरांच्या लोकप्रिय चाली गातात, त्यांनी या सभासदत्वाची घाई करू नये. त्यांना इसामराची चौकशी अधिक उपयोगी पडेल. स्वतःच्या आठ-दहा रचना असतील आणि गीतकाराशी हिस्सा ठरलेला असेल, त्यांनी उशीर करू नये. सरांनी अजून स्वतःचा अर्ज केलेला नाही आणि मी त्यांचा वाटा घेऊ शकत नाही, त्यामुळे आमच्या अकरा गाण्यांतला निम्मा पैसा दावेदाराविना पडून आहे. येत्या रविवारी मी त्यांचे पॅनकार्ड आणि पासबुक घेऊन बसणार आहे. पासबुकावर त्यांचे नाव तिसऱ्याच स्पेलिंगने आहे.