एक तोळा शिसं आणि चौदाशेची थाप

खोक्यावर मार्करने लिहिलेलं होतं: .३५७ मॅग्नम, १८० ग्रेन, हार्ड कास्ट (कडक मिश्रधातूची ओतीव गोळी), १,४०० फूट (म्हणजे गोळीचा सेकंदाचा वेग), कोलोरॅडो लीगल (तिथल्या शिकारीच्या नियमांत बसणारं). टेक्ससमधला एक गन शो, टेबलावर अशी वीसेक खोकी रचलेली, पन्नास काडतुसांना ५५ डॉलर, रोख. घेणारा मराठी माणूस, ग्रीन कार्डवाला. त्याच्याकडे चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर आणि हंगामात कोलोरॅडोत म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीचा बेत. खोक्यावरच्या पाच गोष्टींपैकी दोन पूर्ण खऱ्या निघाल्या, दोन सरळ थापा होत्या, आणि एक अशी की तिला खोटी म्हणायचीही सोय नाही. सगळ्यात महाग पडली ती हीच.

आधी खऱ्या गोष्टी. काडतूस .३५७ मॅग्नमच होतं आणि गोळीचं वजनही बरोबर होतं. ग्रेन म्हणजे दारूचा दाणा असं समजणारे बरेच भेटतात. ते जुनं वजनाचं माप आहे. एका पाउंडात ७,००० ग्रेन, एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम. आपल्याकडे इंग्रजांनी ठरवलेला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ही गोळी बरोब्बर एक तोळ्याची. सोनाराच्या काट्यावर चार गोळ्या एकेक करून टाकल्या तर दर वेळी ११.६६ ग्रॅमच्या आसपास काटा थांबायला हवा, आणि थांबला. वजन कोणीही घरी तपासू शकतो, म्हणून तिथे कोणी खोटं बोलत नाही. वेग तपासायला क्रोनोग्राफ लागतो, आणि तो गिऱ्हाइकाकडे सहसा नसतो.

चार इंची रिव्हॉल्व्हरमधून, नळीच्या तोंडापासून दहा-बारा फुटांवर क्रोनोग्राफ ठेवून दहा बार काढले. सर्वांत हळू गोळी १,०२२, सर्वांत वेगवान १,१६१, सरासरी १,०९०. खोक्यावरचे चौदाशे गेले कुठे? विकणाऱ्याला विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की चौदाशे खरेच आहेत, त्याच्या लिव्हर-अॅक्शन कार्बाइनमधून मोजलेत. कार्बाइन म्हणजे आखूड रायफल, तिची नळी अठरा इंची. मॅग्नममधली दारू सावकाश जळते. लांब नळीत वायूंना गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं, आणि कार्बाइनला रिव्हॉल्व्हरसारखी चक्री आणि नळी यांच्यामधली फटही नसते. .३५७ मध्ये या दोन बंदुकांत तीनशे-साडेतीनशे फुटांचा फरक पडणं अगदी साधं आहे. त्यामुळे त्याचा आकडा खरा होता, फक्त दुसऱ्याच हत्याराचा होता.

ही युक्ती नवी नाही. मोठ्या कारखान्यांचे जुने कॅटलॉग .३५७ च्या १५८ ग्रेन गोळीला १,५५० फूट द्यायचे. चाचणीची नळी लांब होती आणि तिला फट नव्हती. १९७० च्या दशकात रिव्हॉल्व्हरसारखी फट ठेवलेली चार इंची चाचणी-नळी वापरात आली आणि त्याच काडतुसाचा छापील वेग १,२३५ वर उतरला. दारू बदलली असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. म्हणून आकड्याशेजारी नळीची लांबी आणि ती फटीसह की फटीविना हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा कोराच समजा. कारखान्यांच्या तक्त्यात ही तळटीप असते, मार्करने लिहिलेल्या खोक्यावर नसते.

आता हिशेब. जोर काढायचं सूत्र सोपं: ग्रेन गुणिले वेग गुणिले वेग, भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पाउंडांत येतं. चौदाशेने ७८४ येतात, १,०९० ने ४७५. वेगाचा वर्ग होतो म्हणून वेगातली साधारण बावीस टक्क्यांची थाप जोरात चाळीस टक्क्यांची होते. कोलोरॅडोत मोठ्या सावजासाठी हँडगनची अट ५० यार्डांवर किमान ५५० फूट-पाउंडांची आहे. चौदाशे खरे असते तर तिथे सहाशेच्या वर उरले असते. प्रत्यक्षात चारशेच्या थोडं वर. कारखान्याचं १५८ ग्रेनचं साधं काडतूस १,२३५ फुटांनी नळीच्या तोंडाशीच ५३५ देतं, म्हणजे .३५७ आणि 'कोलोरॅडो लीगल' हे शब्द शेजारी दिसले की तिथेच भुवई उंचावायला हवी. त्यावर आणखी गंमत अशी की कोलोरॅडोला मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची, सावजात शिरल्यावर फुलणारी गोळी लागते. हार्ड कास्ट म्हणजे न फुलणारी. लेबलच स्वतःला खोटं पाडत होतं, पण गर्दीत ते वाचतं कोण.

राज्य बदललं की अटी बदलतात, आणि विकणारे नेमक्या त्याच गोंधळावर जगतात. व्हर्जिनियात हरणासाठी नळीच्या तोंडाशी ३५० फूट-पाउंड पुरतात, तिथे हेच काडतूस चाललं असतं. ओहायोत नळी किमान पाच इंची लागते, म्हणजे हे रिव्हॉल्व्हरच बाद. नियम त्या-त्या राज्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेतच बघावेत, टेबलामागच्या माणसाला विचारू नयेत.

दुसरी सरळ थाप 'हार्ड कास्ट'ची. एक गोळी काढून नखाने ओरखडली तर चकचकीत चर उमटली. कडक मिश्रधातूवर नख चालत नाही. मऊ शिसं हजार फुटांच्या वर पळवलं की नळीच्या सुरुवातीलाच, आट्यांमध्ये राखाडी पट्टे बसतात. इथे बारा बारांतच दिसले. पट्टे साचले की गोळ्या पसरतात, दाब वाढतो, आणि साफ करायला तांब्याच्या तारेचा ब्रश घेऊन संध्याकाळ घालवावी लागते.

पुंगळ्या उलट्या करून बघितल्या तर बुडावर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के, बार पेटवणाऱ्या टोप्या (प्रायमर) काही पितळी, काही चंदेरी. खोकं नामांकित कंपनीचं, आतला माल घरी भरलेला. विक्रीसाठी काडतुसं बनवायचा धंदा करायचा तर फेडरल लायसन्स लागतं, टाइप ०६. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि लॉट नंबर नसेल तर ते टेबल सोडून पुढे जावं. वजनावरून रिकामं किंवा दुप्पट भरलेलं काडतूस ओळखू असं काही जण म्हणतात. मिश्र पुंगळ्यांच्या वजनातच इतका फरक असतो की काट्याला ते कळत नाही.

विकणाऱ्यांची दुसरी आवडती भुरळ जड गोळीच्या बरोबर उलटी, हलकी आणि वेगवान. १२५ ग्रेन, १,४५० फूट, ५८४ फूट-पाउंड: कागदावर १५८ पेक्षा सरस. पण ही गोळी बनली माणसापासून बचावासाठी, पटकन फुलण्यासाठी. हरणाच्या खांद्याच्या हाडावर किंवा रानडुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीवर ती फुटून पसरते आणि फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. सावज जखमी होऊन निघून जातं, रक्ताचा माग दोनशे पावलांवर संपतो. खोलीसाठी व्यासाच्या मानाने वजन बघायचं असतं. त्याचं माप म्हणजे सेक्शनल डेन्सिटी: ती १२५ ग्रेनला ०.१४०, १५८ ला ०.१७७, १८० ला ०.२०२. .४४ मॅग्नममध्ये २४० ग्रेनला ०.१८६ आणि ३०० ला ०.२३३. हरणाला .४४ ची २४० ग्रेन फुलणारी गोळी हा जुना, कंटाळवाणा आणि योग्य पर्याय: चार इंची चाचणी-नळीतून १,१८० फूट, तोंडाशी ७४१, ५० यार्डांवर ६२३. फुलणारी गोळी ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच फुलते. त्याखाली ती भोक पाडून जाते, त्यावर फुटते. म्हणून आधी आपल्या नळीतला वेग मोजायचा आणि मग गोळी निवडायची.

.४५ कोल्ट घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. अमेरिकेतली उद्योगसंस्था सॅमी या काडतुसाला १४,००० पीएसआय दाबाची मर्यादा देते. .३५७ ला ३५,०००, .४४ मॅग्नमला ३६,०००. .३८ स्पेशल, नऊ एमएम आणि .४५ एसीपीला '+पी' ची, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची, मान्य पातळी आहे, .४५ कोल्टला नाही. त्यामुळे '.४५ कोल्ट +पी' लिहिलेल्या खोक्यात नेमका किती दाब आहे ते फक्त भरणाऱ्याला माहीत. जुन्या रिव्हॉल्व्हरची चक्री अशा मालाने फाटू शकते.

जड गोळीत आणखी एक खोट लपते, आणि ती रेंजवर पाच मिनिटांत सापडते. चक्रीत सहा काडतुसं भरा, सहाव्याची लांबी आधी कॅलिपरने मोजून ठेवा. पाच बार काढा आणि सहावं बाहेर काढून पुन्हा मोजा. पुंगळीची कड नीट दाबलेली नसेल तर धक्क्याने गोळी पुढे सरकते. या खोक्यात ती इतकी सरकली होती की एकदा चक्री नळीला अडून बसली. जखमी डुक्कर समोर असताना दुसरा बार निघत नाही तो असा. आवाज नेहमीसारखा न येता नुसतं फुस्स झालं, तर पुढचा बार काढायचा नाही. चक्री उघडून सगळी काडतुसं बाहेर काढा आणि गोळी नळीत अडकली आहे का ते बघा.

ऑनलाइन फसवणूक त्या मानाने ओबडधोबड असते. टंचाईच्या दिवसांत निम्म्या भावाची दुकानं उगवतात, पैसे झेल (Zelle) या सेवेने किंवा क्रिप्टोत मागतात आणि पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर पाठवतात. अमेरिकी टपाल खातं काडतुसं नेतच नाही, म्हणजे तो नंबर आला तेव्हाच पैसे गेले. क्रेडिट कार्डावर दिले असतील तर बँकेकडे लेखी तक्रार बिलापासून ६० दिवसांत जायला हवी, आणि एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर नोंद करावी. 'हंटिंग लायसन्स नंतर काढा' असं सांगणाराही फसवतोच: एच-१बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला वैध शिकार-परवान्याशिवाय काडतूस जवळ बाळगणंदेखील सहसा फेडरल गुन्हा ठरतो.

रोख ५५ डॉलर मात्र परत येत नाहीत. उरलेली काडतुसं 'निदान सरावाला' म्हणून वापरू नयेत आणि कचऱ्यात टाकू नयेत. रेंजवर किंवा पोलिसांच्या गैर-आणीबाणी नंबरवर विचारून ती सोपवावीत. देताना मोजून द्या. एखादं शिकारीच्या जॅकेटच्या आतल्या खिशात राहतं, आणि तेच जॅकेट डिसेंबरात भारतात जायच्या बॅगेत जातं. मुंबई विमानतळाच्या एक्स-रेवर एक जिवंत काडतूस दिसलं तरी शस्त्र कायद्याचा गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. सगळे खिसे उलटे करून झटका, अस्तराच्या उसवलेल्या शिवणीसकट.