अलोक्झान की एसटीझेड? उंदरांना शुगर कशानं आणायची

प्रोजेक्ट सुरू व्हायच्या टायमाला दरवर्षी एक-दोन ज्युनियर विचारायला येतातच, दादा, डायबेटिसवर तपासायचं झाड ठरलंय, कुणाचं जांभळाची बी, कुणाचा बेडकीचा पाला, कुणी खानापूरकडनं कायतरी नवीनच उचलून आणलेलं असतंय, आता उंदरांना डायबेटिस कशानं करू? मी दोन्ही वापरून बसलोय, आधी अलोक्झान, मग वैतागून एसटीझेड म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन, म्हणून सांगतो. दोन्ही रसायनं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात. डोस-बिस सगळ्या पेपरात मिळतात, ते सोडून देऊ.

अलोक्झान स्वस्त आहे आणि पैसे आपल्याच खिशातनं जाणार असले की हा लई मोठा मुद्दा होतोय. मलापण तेवढंच दिसलं होतं. पहिल्या रात्री उंदरांची शुगर एकदम खाली जाते, फुटलेल्या पेशींतलं इन्सुलिन एकदम बाहेर येतंय ना, म्हणून पाण्याऐवजी ग्लुकोजचं पाणी ठेवायचं, हे माहीत असून माझे दोन उंदीर सकाळी मेलेले. ते धरूनच चाललो होतो. डोस जरा जास्त झाला की किडनी जाते, कमी झाला की शुगर चढतच नाही, तेपण एकवेळ चालवून घेतलं.

पण खरं डोकं फिरलं ते चौदाव्या दिवशी. ॲनिमल हाऊसला आमचे एक मामा होते, उंदीर धरायला त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. काहीच औषध न दिलेल्या डायबेटिक ग्रुपमधला एक उंदीर धरून शेपटीचं रक्त काढलं, ग्लुकोमीटर बघितला आणि म्हणाले, "सर, इदक्क शुगर इल्ल री." याला शुगरच नाही! तिसऱ्या दिवशी त्याचीच तीनशेच्या वर होती. दुसरा धरला, तोपण उतरलेला. अलोक्झानचे उंदीर आपसूक बरे होतात हे वाचलेलं होतं, पण आपल्या पिंजऱ्यात होईल असं कुणाला वाटतंय? आता माझ्या पाल्यानं शुगर उतरली की उंदीर आपलाआपणच सुधारला, हे गाईडनी विचारलं तर मी काय सांगणार? सहा-सहाचे ग्रुप, त्यातले दोन असे गेले की राहिलं काय. आणि जास्तीचे उंदीर पाहिजेत म्हटलं की परत एथिक्स कमिटीपुढं कागद घेऊन उभं राहायचं.

एसटीझेडमध्ये मला हा ताप झाला नाही. निदान माझ्या चार आठवड्यांत तरी एकपण उंदीर मागं फिरला नाही. त्याचे नखरे वेगळे आहेत, ते नाही म्हणत नाही. उणे वीसला ठेवायचं, साडेचार पीएचच्या थंड सिट्रेट बफरमध्ये ऐनवेळी विरघळवायचं, फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळ्यांना टोचून मोकळं व्हायचं. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कवा जाईल सांगता येत नाही, मी तर बर्फाचा डबाच घेऊन बसायचो. नंतर उंदीर एवढं मुततात की भाताचं तूस रोज बदलावं लागतंय, वास तर विचारूच नका. महाग आहेच, पण हिशोब करून बघा, दोनशे ग्रामच्या उंदराला किलोमागं पन्नास मिलिग्रामनं धरलं तर दहा मिलिग्राम, तीस उंदरांना तीनशे. एक ग्रामची बाटली दोघांनी मिळून घेतली तर एवढं जड जात नाही.

अजून एक गोष्ट. दोन्ही औषधं ग्लूट-२ च्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज आत घेणाऱ्या दाराच्या वाटेनंच बीटा पेशीत शिरतात, पण अलोक्झान आत जाऊन फ्री रॅडिकल तयार करतंय आणि एसटीझेड मुख्यतः डीएनए बिघडवतंय. जांभळासारखं पॉलिफिनॉलनं, म्हणजे फ्री रॅडिकल मारणाऱ्या पदार्थांनी भरलेलं काही असलं आणि ते अलोक्झानच्या आधीपासनं पाजत असाल, तर तुमच्या अर्कानं डायबेटिस बरा केला का नुसतं अलोक्झानलाच अडवलं, हे वेगळं काढता येत नाही.

एसटीझेडनंपण सगळं सुटतंय असं नाही म्हणा. मोठ्या डोसनं बीटा पेशी जवळजवळ संपवल्या तर इन्सुलिन वाढवणारं झाड तिथं करणार काय, तुलनेला ठेवलेलं ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे इन्सुलिन वाढवणारं डायबेटिसचं औषधसुद्धा मग नीट चालत नाही. तसलं झाड असेल तर एसटीझेडच्या पंधरा मिनिटं आधी निकोटिनामाइड (बी-३ जीवनसत्त्वाचाच प्रकार) द्या, थोड्या पेशी वाचतात. टाइप टूच दाखवायचा असेल तर आधी काही आठवडे चरबीचं खाणं आणि मग एसटीझेड कमी डोसनं. आणि आपल्या घाटातली सप्तरंगी घेतली असेल तर आधी साध्या उंदरांना सुक्रोज पाजून अर्ध्या-अर्ध्या तासानं शुगर बघा की, ती आतड्यातच साखर फुटू देत नाही, त्यासाठी पहिल्याच दिवशी कुणाचा स्वादुपिंड जाळायची गरज नाही.

ज्यांच्याकडं उणे वीसचा फ्रीझर नाही किंवा आहे पण जनरेटरवर नाही, त्यांनी अलोक्झान घेतलं तर मी नावं ठेवणार नाही. फक्त औषध न दिलेल्या ग्रुपमध्ये सहाऐवजी दहा उंदीर मागा, ते कमिटीच्या पहिल्याच अर्जात लिहा, आणि त्या ग्रुपची शुगर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, दर चार दिवसांनी बघा.