ईस्टरच्या पीनट बटर अंड्यांसाठी सिलिकॉनचा साचा: घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका

ईस्टर तोंडावर आला की अंड्याच्या आकाराचे सिलिकॉनचे साचे दिसायला लागतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, चॉकलेट ओता, पीनट बटर भरा, थंड करा, झालं. यातलं ओतणं आणि थंड करणं खरं आहे. 'झालं' मात्र दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावरच म्हणावं.

दोन अर्धी जोडून पूर्ण अंडं करायचा साचा घेऊच नका. जोड नीट मिटत नाही, आणि शेंगदाण्याचं तेल तिथूनच पाझरतं. खालून सपाट असलेला साचा घ्या. रीस या अमेरिकी ब्रँडची बाजारातली पीनट बटर अंडीसुद्धा सपाटच असतात. खाच किती मोठी आहे हे पाणी भरून वजनकाट्यावर तपासा. २५ ग्रॅम पाणी मावलं तर माप योग्य. त्याहून मोठं अंडं दिसायला छान, पण तिसऱ्या घासाला टाळूला चिकटतं.

सिलिकॉनचा मोठा गुण तोच त्याचा दोषही आहे: त्यातून काहीही सुटून येतं. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या साच्यात टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेणं, म्हणजे ते चकचकीत आणि कडक घट्ट होतं) चुकलेलं चॉकलेट चिकटून बसतं, म्हणजे चूक जागच्या जागी कळते. सिलिकॉन वाकवलं की तसलं चॉकलेटही अलगद निघतं. मग एकदोन दिवसांत त्यावर राखाडी पट्टे येतात आणि बोट लावताच ते वितळायला लागतं. दोष साच्याचा नसतो, पण साचा तो झाकतो.

म्हणून थर्मामीटर साच्याइतकाच गरजेचा. १२ अंड्यांना १८० ग्रॅमच्या आसपास चॉकलेट लागतं, तरी ३०० ग्रॅम घ्या. कमी चॉकलेट फार लवकर थंड होतं. मिल्क चॉकलेट असेल तर २०० ग्रॅम ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवा, उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घाला आणि ढवळत २७ अंशांवर आणा. मग अगदी हलकी ऊब देऊन २९-३० वर न्या. डार्कसाठी हेच आकडे ५०, २८ आणि ३१-३२. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. २० अंशांच्या खोलीत पाचेक मिनिटांत ते पट्टे न पडता घट्ट झालं तर पुढे जा. भांड्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका, चॉकलेटचा गोळा होतो. चॉकलेट चिप्समध्ये कोको बटर कमी असतं, त्यामुळे त्यांचा थर जाड बसतो. कंपाउंडला (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेल्या चॉकलेटला) टेम्परिंग लागत नाही, पण तोंडात ते मेणासारखं राहतं. मुलांच्या घाईच्या उद्योगाला चालेल, भेट द्यायला नाही.

सारणासाठी १२० ग्रॅम पीनट बटर, २५ ग्रॅम मऊ लोणी, ६० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि चांगलं चिमूटभर मीठ. पीनट बटर तेल वर न येणारं घ्या. नुसत्या दाण्यांचं, तेल सुटणारं पीनट बटर चवीला सरस, हे मान्य; पण तेच तेल कवचात मुरतं आणि आठवड्याभरात कवच मऊ पडून पांढुरकं होतं.

आता साचा. तो सुरुवातीलाच कडक ट्रेवर ठेवा आणि शेवटपर्यंत तिथून हलवू नका, कारण भरलेला साचा उचलला की मधोमध झोळ पडतो आणि कवचाला न दिसणारी चीर जाते. पहिला थर ब्रशने द्या, म्हणजे तळाला बुडबुडे राहत नाहीत. तो घट्ट झाला की दुसरा थर, कडांवर जरा जास्त. साचा उजेडाकडे धरावासा वाटतो, तो धरू नका. ट्रेखाली टॉर्च लावूनही काही दिसत नाही. कडेचा थर २ मिलिमीटर आहे ना, एवढं पाहिलं तरी पुरे. सारण गार हवं, २५ अंशांच्या खाली, नाहीतर कवच आतून वितळतं. प्रत्येकी १६ ग्रॅम भरा, वर २ मिलिमीटर जागा सोडा, चॉकलेटने बंद करून पट्टीने सपाट करा. फ्रिजमध्ये १५ मिनिटं पुरतात. सिलिकॉनमधून उष्णता हळू जाते, म्हणून थोडा वेळ जास्त चालेल, फ्रीझर नको. तिथून काढलेल्या अंड्याला घाम फुटतो आणि वाळल्यावर साखरेचे खरखरीत डाग राहतात.

साचा नसेल तर? सारणात साखर १०० ग्रॅमपर्यंत वाढवा, २० ग्रॅमचे गोळे हाताने चपटे अंडाकृती करा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि काट्याने चॉकलेटमध्ये बुडवा. गोळे फार गार असतील तर कवच तडकतं, कारण आतलं सारण ऊब लागताच फुगतं. काटा भांड्याच्या कडेला नीट निथळला नाही तर अंड्याभोवती चॉकलेटचं डबकं साचतं. आणि टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी सकाळी तिथे तेलाचा पिवळा मणी उभा असतो. त्यावर चॉकलेटचा ठिपका लावा.

चवीत आमचं मत बुडवलेल्या अंड्याला. कवच पातळ बसतं आणि दाण्याची चव पुढे येते. साचा जिंकतो तो एकसारखेपणात: पन्नास अंडी डब्यात ओळीने लावायची असतील तर त्याला पर्याय नाही. चकाकी मात्र कमीच मिळते. आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर पॉलिकार्बोनेट घ्या आणि ते कधी घासणीने घासू नका.

सिलिकॉनच्या साच्याला पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीड गुणातला अर्धा वासासाठी: सुगंधी साबणाने धुतला तर पुढच्या खेपेच्या अंड्यांना तो वास लागतो. गरम पाणी, बिनवासाचा साबण, आणि चॉकलेट ओतण्याआधी साचा खाचाखोचांत पूर्ण कोरडा.