प्रागला जाताय? "तिकडे जाऊ नका, ते चोर आहेत" म्हणणाऱ्या माणसापासून सांभाळा

प्रागमध्ये युरो बदलताना कसं फसवतात ते प्रागला जाणाऱ्यांसाठी लिहितेय, खास करून ज्यांचे आई-बाबा, काका-काकू उन्हाळ्यात भारतातून येणार आहेत आणि युरोप बघणार आहेत त्यांच्यासाठी. जरा लांबलंय, पण वाचा. आमच्या ओळखीत ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातले बरेच जण म्हणाले, "असं रस्त्यावर कोण पैसे बदलतं गं?" बदलतात. ज्यांचं आख्खं आयुष्य नोटा मोजण्यात गेलं ते पण बदलतात.

आम्ही ड्रेस्डेनला राहतो. इथून प्राग म्हणजे ट्रेनने अडीच तासांच्या आत, एल्बे नदीच्या कडेकडेने गाडी जाते, दोन्ही बाजूला उभे कडे, रस्ताच इतका सुंदर आहे की काकू खिडकी सोडून हलल्याच नाहीत. सोबत माझे आई-बाबा आणि इचलकरंजीहून आलेले काका-काकू. काका सहकारी बँकेत कॅशियर होते, आता रिटायर झालेत. नोटांच्या बंडलातली खोटी नोट डोळे मिटून बोटांनी काढायचे अशी घरात त्यांची ख्याती, आणि ती खरी आहे, मी लहानपणी बघितलंय.

आता मूळ घोळ कुठे होतो ते सांगते. चेक देश २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेन व्हिसा चालतो, जाताना बॉर्डरवर सहसा कोणी थांबवत पण नाही, त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं युरो चालत असणार. नाही चालत. तिथे कोरुना आहे, एका युरोला साधारण चोवीस-पंचवीस. मध्यवर्ती भागातली दुकानं युरो घेतात पण त्यांच्या मनाच्या रेटने. आणि खरं सांगायचं तर कॅश लागतच नाही फारशी, कार्ड सगळीकडे चालतं, ट्रामच्या आत मशीन आहे त्यावर कार्ड टेकवलं की तिकीट. हे मी ट्रेनमध्येच सगळ्यांना सांगितलं होतं. पण "हातात थोडे रोख असलेले बरे" हे वाक्य आपल्या मोठ्यांच्या रक्तात आहे, त्याला औषध नाही.

तर मी नवऱ्याशी फोनवर बोलत मागे राहिले तेवढ्यात बाबांनी चार्ल्स ब्रिज आणि जुन्या चौकाच्या मधल्या गल्लीतल्या एका मनी एक्सचेंजवर शंभर युरो बदलून पण टाकले. बाहेर हा मोठा बोर्ड, कमिशन शून्य टक्के, आणि खाली ठळक अक्षरात पंचवीसच्या आसपासचा आकडा. हातात आले सोळाशे पन्नास कोरुना. साडेचोवीसशेच्या आसपास यायला हवे होते. तो ठळक आकडा म्हणजे ते युरो *विकतात* तो रेट, तुम्ही युरो दिलेत तर कितीला घेणार तो आकडा बारीक अक्षरात कोपऱ्यात. कमिशन शून्य हे खरंच आहे हो, कारण सगळं रेटमध्येच कापून घेतलेलं असतं, वर कमिशन कशाला लावतील!

पण इथे एक गोष्ट मला माहीत होती, ती तुम्हीही लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून चेक कायदा असा आहे की एक्सचेंजच्या दुकानात हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत तुम्ही रद्द करू शकता, कारण द्यायची पण गरज नाही. पावती मात्र जपून ठेवायची, त्यावर वेळ असते. मी बाबांना घेऊन परत खिडकीवर गेले. आधी त्या बाईला इंग्लिशच येईना (दहा मिनिटांपूर्वी येत होतं), मग साहेब नाहीत, मग नुसतंच नो नो. मी म्हटलं ठीक आहे, तुमचं लायसन्स चेक नॅशनल बँकेच्या हातात आहे ना, आणि पोलिसांचा नंबर १५८ आहे ना, इथूनच फोन लावते. मग ड्रॉवरमधून फॉर्म निघाला. आवाज चांगलेच चढले होते, आख्खी गल्ली बघत होती, पण शंभर युरो परत मिळाले. मी एकदम खुशीत बाहेर आले.

आणि नेमक्या त्याच वेळात, माझ्या पाठीमागे, दहा पावलांवर, काकांचे दोनशे युरो गेले.

काय झालं ते नंतर काकूंकडून तुकड्या-तुकड्यांत कळलं, काका बोलायच्या मनस्थितीत नव्हते. ते दोघं बाहेर फुटपाथवर आमचं भांडण ऐकत उभे होते. तिथे एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, बोलणं अगदी अदबीचं. म्हणाला, तुमची मंडळी आत आहेत का, अरेरे, हे दुकान म्हणजे चोर आहेत, मी इथेच जवळ काम करतो, रोज बघतो, टुरिस्ट रडत बाहेर येतात, तुम्ही मात्र आत जाऊ नका. आता बघा, यातला शब्दन् शब्द खरा होता! काकांनी स्वतःच्या कानांनी ते ऐकलेलं होतं आतून. मग तो म्हणाला, मला व्हिएन्नाला मुलाकडे जायचंय, युरो हवेच आहेत, तुम्हाला पंचवीसचा सरळ रेट देतो, तुमचंही भलं माझंही भलं. काकांनी मनात हिशोब केला, दोनशेचे पाच हजार, रेट बरोबर.

पण काका शेवटी कॅशियर. त्यांनी आधी नोट बघायला मागितली. त्याने दिली पण, हजारची एक, काकांनी उजेडात धरली, वॉटरमार्क बघितला, धागा बघितला, बोटाने चाचपली. नोट एकदम खरी होती, चेक सरकारचीच. ती त्याने परत घेतली आणि मग खिशातून बंडल काढून काकांच्या हातात पाच नोटा मोजल्या, काकांनी परत मोजल्या, पाचही हजारच्या, कागद कडक, धागा आहे, वॉटरमार्क आहे. दोनशे युरो दिले. तो माणूस थँक यू म्हणून शांतपणे चालत गेला, पळाला पण नाही.

आम्ही तिथून चौकात आलो, ते खगोलीय घड्याळ बघायला. १४१० सालचं आहे, अजून चालतं, दर तासाला वरच्या खिडकीतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात आणि खाली सगळे मोबाईल वर करून उभे असतात (पाकिटं सांभाळा, खिसेकापूंची ही लाडकी जागा). काकूंना तो गोल भाजलेला साखरेचा पाव खायचा होता, ट्रडेलनिक. जुन्या बोहेमियाचा (म्हणजे प्रागच्या आसपासच्या प्रदेशाचा) पारंपरिक पदार्थ म्हणून विकतात, तसं काही नाहीये, टुरिस्टांसाठीच वाढलेलं प्रकरण आहे, पण लागतो छान. काकांनी ऐटीत हजारची नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने नोट उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाली, "बल्गेरिया."

काकांना कळेचना. नाही गं, मी दोनदा मोजल्यात, वॉटरमार्क बघितलाय, असं ते मला मराठीत सांगत होते आणि ती बिचारी मान हलवत होती. तेव्हा मी नोटा हातात घेतल्या. अक्षरं रशियनसारखी. चेक भाषा आपल्या इंग्लिशच्याच लिपीत लिहितात, वर थोडी टोपणं-टिंबं असतात एवढंच. पण काकांना कसं कळणार, पहिल्यांदा देशाबाहेर आलेल्या माणसाला तिथली लिपी अशीच असेल असं वाटलं.

हा प्रकार मी नंतर नीट समजून घेतला. बल्गेरियाने १९९९ मध्ये आपल्या तेव्हाच्या लेव्ह या चलनातली तीन शून्यं उडवली, म्हणजे जुने हजार लेव्ह बरोबर नवा एक लेव्ह, साधारण अर्धा युरो. त्या जुन्या नोटा चलनातून कधीच बाद झाल्या, रद्दीच्या भावात मिळतात, आणि प्रागच्या रस्त्यावर टुरिस्टांच्या हातात येतात. बेलारूसच्या जुन्या नोटांचं पण तसंच, त्यांनी २०१६ मध्ये चार शून्यं काढली. काकांच्या नोटांवर मिशीवाला जो माणूस होता तो वासिल लेव्स्की, बल्गेरियाचा क्रांतिकारक, १८७३ मध्ये तुर्कांनी फाशी दिलेला. त्याचा यात काय दोष.

म्हणजे काकांची बोटं खोटी नोट शोधत होती आणि हातात होत्या त्या पाचही नोटा अस्सल. फक्त दुसऱ्या देशाच्या, आणि मेलेल्या. कॅशियरचं सगळं शिक्षण तिथे काहीच कामाचं नाही. मला तर वाटतं दुसरं कोणी असतं तर कदाचित घाबरून नको म्हणालं असतं, काकांना स्वतःच्या बोटांवर विश्वास होता म्हणून ते पुढे गेले.

आम्ही पोलिसांत गेलो. वेन्सेस्लास चौकाच्या जवळ, युंगमान चौकात स्टेशन आहे, परदेशी लोकांच्या तक्रारींची तिथे सवय आहे. चांगलं वागले, सगळं लिहून घेतलं. पण पावती नाही, नाव नाही, माणसाचा फोटो नाही. रस्त्यावर असं चलन बदलणंच तिथे बेकायदेशीर आहे, त्यामुळे तीन तासांचा कायदा पण लागू नाही. शंभर युरोच्या व्यवहारात ज्या बाईने लुबाडलं तिच्याकडून कागदाच्या जोरावर पैसे परत आले, आणि ज्याने तिच्यापासून "वाचवलं" त्याच्याकडून एक कोरुना नाही.

तुमच्या घरचे येणार असतील तर एक करा, निघायच्या आधी त्यांना कोरुनाच्या नोटांचे फोटो दाखवा. शंभरवर चौथा चार्ल्स राजा आहे (ज्याने १३५७ मध्ये त्या पुलाचा पाया घातला तोच), दोनशेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस, पाचशेवर बोझेना नेम्त्सोवा ही लेखिका, हजारवर इतिहासकार पालात्स्की, दोन हजारवर ऑपेरा गायिका एमी डेस्टिन आणि पाच हजारवर पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक. अक्षरं रशियनसारखी दिसली की विषय संपला, ती नोट चेक नाही. कॅश हवीच असेल तर एखाद्या खऱ्या बँकेच्या एटीएममधून काढा, दुकानांच्या भिंतीत ठोकलेल्या एटीएममधून नको, आणि मशीनने "तुमच्या चलनात हिशोब करू का" विचारलं की नाही म्हणा, तिथे पण असाच रेट मारतात, फक्त हसतमुखाने. एक्सचेंजच्या खिडकीवर पैसे देण्याआधी कागदावर लिहून मागा, शंभर युरोचे माझ्या हातात किती येणार. तोंडी नाही, लिहून.

आणि जुन्या चौकातल्या हॅमच्या (डुकराच्या मांसाच्या) स्टॉलवर बोर्डवरचा भाव शंभर ग्रॅमचा असतो हे बघून घ्या. आमच्यात कोणी खात नाही, पण समोर एक जोडपं उभं होतं त्यांना विचारता-विचारता बाईने हा एवढा तुकडा कापून वजनावर टाकला, कापलेलं परत कोण देणार? दोघांचे चेहरे बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कुत्ना होराला गेलो, ट्रेनने तासाभराच्या आसपास. काका येतच नव्हते, काकूंनी ओढून आणलं. बरं झालं आले. चांदीच्या खाणींचं गाव, इथल्या चांदीच्या जोरावर बोहेमियाची राजेशाही पोसली गेली. दुसऱ्या वेन्सेस्लास राजाने १३०० साली इथे टांकसाळ बसवली, प्राग ग्रोशेन नावाचं चांदीचं नाणं पाडायला इटलीहून जाणकार आणले, म्हणून त्या वाड्याला अजून इटालियन कोर्टच म्हणतात. ते नाणं अर्ध्या युरोपात चालायचं. तिथे काका पहिल्यांदा बोलायला लागले, चांदीत तांबं किती, वजन कोण तपासायचं, कडा घासून चांदी चोरायचे का, गाईडला प्रश्नावर प्रश्न, मी भाषांतर करून दमले. हाडांचं चर्च पण बघितलं, सेडलेत्सचं, चाळीस हजार माणसांची हाडं आहेत म्हणे आणि त्यांचं झुंबर केलंय. काकू बाहेरच थांबल्या. त्याचं तिकीट चर्चच्या दारात मिळत नाही, अलीकडच्या माहिती केंद्रात आधी घ्यावं लागतं, आणि आत फोटो काढू देत नाहीत, ते पण माहीत असू द्या.

परत येताना स्टेशनवर आम्ही चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उभे होतो. मी आणि आई पाण्याची बाटली घ्यायला गेलो होतो, बाबा बाकावर डुलक्या काढत होते. एक म्हातारे आजोबा काकांजवळ आले, हाताने पलीकडे दाखवत प्राग, प्राग म्हणत होते. काकांनी दोन्ही हात जोडून "नो, थँक्यू, नो मनी" म्हणून त्यांना वाटेला लावलं. आजोबा जाताना पण वळून वळून पलीकडे बोट दाखवत होते. मी येईपर्यंत गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून सुटली होती. पुढची तासाभराने होती, तोपर्यंत काकूंनी काकांना जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही.